दहा जणींची यादी आणि तुझा दम

शैले, तुझं पाकीट माझ्या पिशवीत दहा-अकरा दिवस फिरलं. बोरिवलीहून कांदिवली, कांदिवलीहून परत घरी, दोनदा भाजीला, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे. एका दुपारी तर मी ते घेऊन थेट वर्सोव्याला गेले आणि धक्क्यावर उभी राहून मढची बोट तीनदा जाताना-येताना पाहिली. तिथून तुझं घर दहा मिनिटांवर. पण पाय तिकडे वळेनात, आणि घरीही परतवेना. हल्ली मला एका जागी बसवतच नाही. बसले की उठते, उठले की कशासाठी उठले ते विसरते. इरा म्हणाली, ‘आजी, तू वॉर्मअप करतेयस का?’ नातीला आजीची चेष्टा सुचते, म्हणजे घरात सगळं ठीक आहे असं समजायचं.

पाकीट तुझ्या वहिनीने दिलं, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. कपाटात, तुझ्या खेळाच्या बुटांच्या खोक्यात सापडलं म्हणाली. वर तुझं ते उजवीकडे कललेलं अक्षर: ‘सुमीसाठी. स्वतःची यादी लिहिल्याशिवाय उघडायचं नाही.’ खाली दोन रेघा, जोर देऊन ओढलेल्या. माणूस गेलं पण पंचगिरी काही गेली नाही. मला तिथल्या तिथे हसू फुटलं. तुझ्या भावाला ते आवडलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

त्याच दिवशी भेटायला आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, ‘तुम्ही शैलाताईंच्या कोण?’ मी ‘मैत्रीण’ म्हणाले आणि लगेच वाटलं, हे काही खरं नाही. मैत्रिणी एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातात, नव्या साड्यांवरून हात फिरवतात. आपण चाळीस वर्षं भांडलो. खरं तर मी सांगायला हवं होतं, ‘बाई, मी हिचा पाय धरला होता.’

घाटकोपरच्या त्या मातीच्या मैदानावर तू चढाईला आलीस तेव्हा मला तुझं नावही माहीत नव्हतं. मी डाव्या कोपऱ्यात. तू माझ्या खांद्याला हात लावून वळलीस आणि मी तुझा घोटा धरला, दोन्ही हातांनी, नखं रुतेपर्यंत. दुसरी कुणी असती तर तिथेच आडवी झाली असती. तू मला ओढत नेलंस. पोटावर, मातीतून, फरफटत, थेट मध्यरेषेपर्यंत. आणि तेवढा वेळ तुझं तोंड चालूच, कबड्डी कबड्डी कबड्डी, एका लयीत, जराही न चढता न उतरता. रेषेला बोट टेकल्यावरच थांबलीस. मग खाली वाकून मला म्हणालीस, ‘गो, सोड आता पाय. घराक घेऊन जातलंस काय?’

माझ्या कोपराचं सालटं गेलं होतं आणि संघही हरला होता. मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही. पुढच्या वर्षी आपल्याला एकाच कचेरीने खेळाडू म्हणून नोकरीला घेतलं आणि शेजारशेजारची टेबलं दिली. मग न बोलून करणार काय?

पण त्या बाईंना आधी सांगायला हवी होती ती आपली यादी. लोकांना ती म्हाताऱ्यांचा टाइमपास वाटते. आपल्या कचेरीच्या पुरुष संघातला देसाई पाच वर्षांपूर्वी एका व्यावसायिक संघाच्या राखीव मुलींचा प्रशिक्षक झाला आणि ‘काकी, जरा येऊन बघा ना’ म्हणून त्याने आपल्याला बोलावून घेतलं. कांदिवलीच्या एका शाळेचा हॉल, निळी मॅट, अठरा मुली. कुणी मुलुंडची, कुणी घाटकोपरची, कुणी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. मोठ्या संघात जागा कधी निघते याची वाट बघत तिथे घाम गाळणाऱ्या. पहिला आठवडा आपण नुसत्या बघत बसलो. दुसऱ्या आठवड्यात तू म्हणालीस, ‘सुमे, या अठरांतल्या दहा कोण ते सांग. नंबरासकट. नुसतं चांगली आहे, चांगली आहे, असं मोघम नको.’

मग नियम आले. तुला नियमांची हौसच. दोघींनी वेगवेगळी यादी लिहायची, पेन्सिलनेच, कारण पोरी वाढतात आणि मतं खोडता आली पाहिजेत. पाकिटात घालायची. निवडीच्या आधीच्या रविवारी शाळेच्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसून उघडायची. जिथे जमेल तिथे जमवायचं, आणि मग एकच यादी हॉलच्या बोर्डावर लावायची. देसाई तोंडाने कधी कबूल करणार नाही, पण व्यवस्थापनाकडे जाताना त्याच्या खिशात आपली यादी असते. पहिल्या पाच जणींना तो मोठ्या संघाबरोबर आठ दिवसांच्या सरावाला पाठवतो. पाच म्हणजे पाच. सहावीने त्याच्याशी कितीही गोड बोलावं, काही उपयोग नाही.

आपण दोघी एकच खेळ बघत होतो असं मला कधी वाटलं नाही. मी पाय बघायची, हात बघायची, गुण मोजायची. तू बाद झालेली पोरगी बाहेर कशी चालत जाते ते बघायचीस. ‘ही बघ, रागाने गेली. ही बघ, रडत गेली. ही बघ, मान वळवून अजून मॅटकडेच बघतेय, हिला पाच नंबर वर घे.’ आणि वर कुरकुर, की आताच्या पोरींना दमच नाही. तीस सेकंदांत परत यायचं, काट्यावर नजर ठेवून. ‘घड्याळ बघून कसली चढाई, सुमे? दम बघून चढाई.’ मी म्हणायची, खेळ बदलला, तू काही बदलायची नाहीस, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यावर तू म्हणायचीस, ‘गप रव.’

आणि वाद मिटला नाही तर काय, हे तूच ठरवलंस. दम. दोघींनी एकेक श्वास घेऊन कबड्डी कबड्डी म्हणायचं, जिचा दम जास्त टिकेल तिचं खरं. साठी ओलांडलेल्या दोन बायका, चष्मे, पिशव्या, एकीच्या पायात मोजे, रस्त्यालगतच्या बाकावर डोळे मिटून कबड्डी कबड्डी. शाळेच्या वॉचमनला पहिल्या वर्षी वाटलं आपण जप करतोय. त्याने फाटक हळू लावलं होतं. माझा दम पंचवीस-सव्वीस सेकंद. तुझा चाळीसच्या वर, आणि तोही शेवटपर्यंत तसाच, एका लयीत. चार वर्षं प्रत्येक वाद तू जिंकलीस. मी चिडायची. चार वर्षांत एकदाही मला वाटलं नाही की नियम बदलावा.

आता गेल्या वर्षीचं लिहायला हवं. चार दिवस मी हा परिच्छेद टाळतेय. मधेच उठून गॅस पुसून आले, तो स्वच्छच होता.

गेल्या वर्षी मोठ्या संघात एकच जागा होती. तुझी पहिली प्राची, वर्सोव्याची, माशांच्या टोपल्या उचलून हातांना लोखंड आलेली. माझी पहिली मुलुंडची रुबिना, वाऱ्यासारखी चढाईपटू. तासभर भांडलो. शेवटी दम. मी आधी. सव्वीस. मग तू श्वास घेतलास, सुरू केलंस, आणि एकोणिसाव्या सेकंदाला तुझा दम तुटला. आवाज मधेच बारीक झाला आणि गेलाच. तू छातीवर हात ठेवून खाली बघत राहिलीस. मला वाटलं, हरलीस म्हणून नाटक करतेयस. मी बाकावरून उठून टाळ्या वाजवल्या, शैले. समोरून चार वडे मागवले, एक वॉचमनला दिला, त्याला सांगितलं, ‘मामा, चार वर्षांनी जिंकले!’ तू हसलीस. तुझा वडा अर्धा राहिला, तो मीच खाल्ला.

रुबिना मोठ्या संघात गेली. चांगली खेळते, तिच्या हक्काचं तिला मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. पण प्राचीने एक वर्ष वाट बघितली, आणि ते वर्ष माझ्या सव्वीस सेकंदांनी ठरवलं. जिला मी हरवलं ती आजारी होती. तुझ्या आयुष्यात तुझा दम एकोणिसाला कधी तुटला नव्हता. हे सगळ्या जगात एका माणसाला कळायला हवं होतं. तुझा पाय धरून मातीतून फरफटत गेलेल्या माणसाला. आणि ते माणूस वडे खात होतं.

वहिनीने सांगितलं मला. वर्षभरापूर्वीच डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं, हृदय मोठं झालंय, जिना टाळा, ताण टाळा. तू गोळ्या साखरेच्या डब्यामागे ठेवायचीस म्हणे. मी वहिनीवर चिडले, मला का नाही कळवलं म्हणून. ती बिचारी म्हणाली, ‘ताईच म्हणाल्या, सुमीला सांगू नका, ती मला दम लावू देणार नाही.’ बरोबर आहे, नसताच दिला. आणि म्हणून मला राग येतो तुझा. अजून येतो. तू गेलीस म्हणून माणसाने राग सोडावा असं कुठे लिहिलंय? मला सांगितलं असतंस तर मी तुला डॉक्टरकडे नेलं असतं, डोकं खाल्लं असतं, मीठ मोजून दिलं असतं. तुला ते नको होतं. तुला भांडणारी सुमी हवी होती, आणि ती तुला अगदी शेवटपर्यंत मिळाली.

फार मिळाली. आपलं शेवटचं भांडण आठवलं की मी खोलीतून खोलीत जाते, आणि आमच्या घरात खोल्या दोनच आहेत.

तीन आठवडे झाले असतील त्याला. त्याच बाकावर. तू म्हणालीस, ‘सुमे, या वर्षी इराला यादीत घे.’ मी म्हणाले, नियम म्हणजे नियम, घरची पोर यादीत नाही. तू म्हणालीस, ‘हा नियम तू इरा गटात यायच्या आधी केलास की नंतर?’

नंतर केला होता. तीन वर्षांपूर्वी इरा सोळाव्या वर्षी गटात आली त्याच आठवड्यात.

‘तुला वाटतं तू मोठी न्यायाची,’ तू म्हणालीस. ‘तुला नात पहिली हवी. ती पहिली नाही हे तुला दिसतं. मग नियमामागे लपतेस. पोरीला तीन वर्षं नंबरच नाही. ती रोज येऊन बोर्ड बघते, माहिताय तुला? दहा नावं वाचते आणि गपचूप मोजे चढवते. दहावी म्हण, अठरावी म्हण, पण काहीतरी म्हण!’

तुला खोकला आला बोलता बोलता. आणि मी काय म्हणाले ते तुला माहीत आहे. मी म्हणाले, ‘गेल्या वर्षी दमात हरलीस, आता तोंडाने जिंकतेस होय?’

तू हसलीस. खोकत हसलीस. पाण्याची बाटली काढलीस, दोन घोट घेतलेस आणि म्हणालीस, ‘बघू. रविवार येतोय.’ नंतर आपण फोनवर चारदा बोललो, सगळं इकडचं तिकडचं, कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा. मी ते वाक्य मागे घेतलं नाही. घ्यायचं असतं हेच डोक्यात आलं नाही, कारण आपण एकमेकींना याहून वाईट बोललो होतो आणि दुसऱ्या दिवशी डबा वाटून खाल्ला होता. आता घेते. माफ कर, शैले. लाज वाटते मला त्या वाक्याची. तुझा श्वास अपुरा पडत होता आणि मी त्याचाच टोमणा मारला.

तू गेल्यानंतर आठवड्याभराने देसाईचा फोन आला. आवाज जड होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, ‘काकी, या वर्षी दोन जागा आहेत. यादी येतेय ना? म्हणजे तुम्हाला जमणार असेल तर.’ मी म्हणाले, न जमायला काय झालं. फोन ठेवला आणि पाहिलं तर इरा दारात उभी, ओले केस, खांद्यावर टॉवेल.

‘आता यादी कोण करणार?’

‘मी करणार. शैलाआजीची तयार आहे, पाकिटात.’

‘तिच्या यादीत मी आहे?’

‘मला माहीत नाही. उघडलेलं नाही.’

‘आणि तुझ्यात?’

एकोणीस वर्षांची पोर, गुडघ्यावर मॅटवर घासल्याचे डाग, आणि प्रश्न विचारताना माझ्याकडे न बघता टॉवेलच्या काठाकडे बघत होती. मी म्हणाले, नियम आहे ना. ती ‘हो, आहे’ म्हणाली आणि आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. पहिली प्राची, त्यात मला आता शंका नव्हती, गेल्या वर्षीच नसायला हवी होती. तिच्यामागोमाग एक पोर घाटकोपरची, एक अंधेरीची. नऊ नावं अर्ध्या तासात झाली. दहाव्यासाठी चार वाजले. मग मी इराचं नाव लिहिलं, आणि लिहिताना माझा हात पहिल्या ओळीवर गेला. प्राचीला खोडून. खरंच. तू म्हणालीस ते अगदी तसंच्या तसं. मी ते बघितलं. खोडलं. प्राची परत पहिली. इराला तिसरी लिहिलं, खोडलं. गच्चीत जाऊन आले. कपडे काढून आणले, ते अजून ओलेच होते. परत बसले. चौथी लिहिलं, ते मनाला टोचलं, खोडलं. कागदाला भोक पडायच्या बेतात आला तेव्हा पाचवी लिहिलं आणि पेन्सिल लांब ठेवली.

पाचवी. स्वतःला समजावलं की ही प्रामाणिक जागा आहे. तिची चढाई वेगवान, बोनसचा गुण तर ती मागायला गेल्यासारखा सहज घेऊन येते. घरची म्हणून मी तिला दोन जागा उलट खालीच ओढलं असेल. आणि पाचवी म्हणजे आठ दिवसांचा सराव, हे डोक्यात नव्हतं असं मी म्हटलं तर तू तिथून खोकत हसशील.

रविवारी सकाळी सराव संपल्यावर मी त्याच बाकावर बसले. बाजूला तुझी जागा. वॉचमन मामा आले, बाकावरची पानं हाताने झटकून गेले. इरा बाहेर आली, घामाने थबथबलेली, आणि माझ्या हातातलं पाकीट बघून तिथेच थबकली. मी म्हणाले, बस. ती बसली, पण तुझ्या जागेवर नाही, माझ्या दुसऱ्या बाजूला.

मी पाकीट फोडलं. दहा नावं, पुढे तुझा शेरा, प्रत्येकीला एकेक ओळ. पहिली प्राची. पहिल्यांदाच आपली पहिली एक निघाली आणि मला सांगायला तू नाहीस. दुसरी तीच, तिसरी तीच. चौथी-पाचवीत थोडं इकडेतिकडे. सहावीपर्यंत इरा नव्हती. सातवी ओळ मी दोनदा वाचली.

‘सातवी: इरा. चढाई उत्तम, पाय सुमीपेक्षा बरे. पण गुण मिळाला की समोरच्याकडे बघायचं सोडते. आजीची सवय. सुटली तर पहिली.’

मला काही दिसेना, शैले. तू ते मला टोचायला लिहिलं नव्हतंस, हे मला पक्कं माहीत आहे. तू पोरीचा खेळ लिहिला होतास. इरा बोनस घेते आणि लगेच पाठ फिरवते, आणि कोपऱ्यातली तिला मागून धरते. असं मी कितीदा बघितलंय आणि कितीदा म्हटलंय, नशीब फुटकं. आणि टाळ्या वाजवत, वडे मागवत, तुझ्याकडे न बघणारी मी. एकाच ओळीत तू दोघींना धरलंस. घोट्यातच धरलंस.

‘किती?’ इराने विचारलं.

मी तिला दोन्ही कागद दिले. तिने माझा वाचला. पाचवर बोट थांबलं आणि तिचे कान लाल झाले. मग तुझा वाचला. तो तिने बराच वेळ वाचला.

‘शैलाआजी म्हणते सात,’ ती म्हणाली.

‘मी म्हणते पाच.’

‘मग?’

‘मग काय, दम.’

मला वाटलं ती म्हणेल, आजी, नको. किंवा म्हणेल, पाचच ठेव ना, कोण बघतंय. तिला पाच हवं होतं. तीन वर्षं ती बोर्ड वाचून मोजे चढवत होती. आठ दिवस मोठ्या संघाबरोबर मिळावेत म्हणून ती पहाटे उठून दोरीच्या उड्या मारते, आणि खालच्या मजल्यावरचे येऊन भांडतात. मग तिने खिशातून मोबाइल काढला आणि घड्याळ लावलं.

‘आधी तू,’ म्हणाली.

मी डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि सुरू केलं. कबड्डी कबड्डी कबड्डी. विसाच्या पुढे आवाज थरथरायला लागला, तरी रेटला. थांबले तेव्हा डोकं गरगरत होतं.

‘पंचवीस,’ इरा म्हणाली. ‘आता शैलाआजी.’

आणि तिने परत घड्याळ सुरू केलं.

आम्ही दोघी बाकावर बसून होतो असं लिहीत होते, पण आपण तिघी म्हणायला हवं. हॉलमध्ये कुणीतरी मॅट गुंडाळत होतं. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मग दुसरी. मी इराकडे बघितलं. ती मोबाइलकडे बघत नव्हती. ती तुझ्या जागेकडे बघत होती, नजर न हलवता, कोपऱ्यातल्या खेळाडूकडे बघावं तशी. मला वाटतं पंचवीस तेव्हाच होऊन गेले होते. चाळीसही गेले असतील. मला ती लय ऐकू येत होती, न चढणारी, न उतरणारी, मातीतून मला ओढत नेणारी. इराने बटण दाबलं नाही. मी तिला थांबवलं नाही. तिने एकदा स्क्रीनकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाली, ‘आजी, अजून चालूच आहे.’

मी पर्समधून पेन्सिल काढली. पाचव्या ओळीवरचं नाव खोडलं, खालच्या दोघींना एकेक ओळ वर घेतलं, ते नाव सातव्या ओळीत लिहिलं, आणि पुढे तुझा शेरा तुझ्याच शब्दांत उतरवला, आजीच्या सवयीसकट. इराने तो कागद माझ्या हातून घेतला आणि स्वतः जाऊन बोर्डावर लावला.

‘पुरे गं शैले,’ मी तुझ्या जागेकडे बघून म्हणाले. ‘सातवी.’